गावाचा नकाशा गावाला विचारून काढा

मा. संपादक,

नमस्कार. मी नियमित वाचक आहे पण पत्र पहिल्यांदाच लिहितोय, थोडं लांबलंय, जमलं तर छापा.

मागच्या महिन्यात वाळपईच्या बाजारात बसची वाट बघत उभा होतो तेव्हा एका मुलाने हातात एक रंगीत कागद दिला, वर हिरवा डोंगर, खाली नदी, आणि मोठ्या अक्षरात 'रिव्हर टच प्लॉट'. कागद खिशात घालणार एवढ्यात फोटोकडे लक्ष गेलं आणि पोटात धस्स झालं, कारण ते वळण माझ्या ओळखीचं होतं. तिथे माझ्या आजीने पुरण (नदीच्या गाळातलं उन्हाळी भात) केलेलं आहे, लहानपणी मी तिथे पेंढ्या वाहिल्यात, आणि २३ जुलै २०२१ ला त्याच जागेवरून म्हादई नदी अशी गेली की समोरच्या काठावरच्या झाडांचे फक्त शेंडे दिसत होते. त्या जागेवर आता कोणीतरी बंगला बांधणार, बाहेरून पैसे घालून, आणि त्याला हे सांगणारं कोणी नाही. मी जाहिरातवाल्याचं नाव घेत नाही, कारण हा एका माणसाचा विषय नाही, असे कागद आता गोव्याच्या सत्तरी तालुक्यात सगळीकडे फिरतायत.

मी फोंड्याला नोकरी करतो, शनिवार रविवार गावात. गाव म्हादईच्या काठावर, नाव मुद्दाम लिहीत नाही कारण जे लिहितोय ते सावर्ड्याच्या माणसालाही लागू आहे, कुडशे, वेळूस, गांजे, गुळेली सगळ्यांना लागू आहे.

आमच्याकडचा गाव कसा बसलाय ते बाहेरच्या माणसाला एकदम कळत नाही. त्याला वाटतं थोडी घरं, थोडी झाडं, मध्ये बरीच रिकामी जागा. म्हणून वरून खाली चालत येऊया. सगळ्यात वर डोंगराचा माथा, तिथे जंगल. त्याच्या खाली उतारावर काजू, पूर्वी तिथे कुमेरी (झाडं तोडून, जाळून केलेली फिरती शेती) करायचे, नाचणी, वरी घ्यायचे, कुमेरी बंद झाली आणि काजू आला. त्याच्या खाली जिथे दोन उतार एकमेकांना भेटतात त्या खोबणीत व्हाळ, म्हणजे ओढा, आणि व्हाळाच्या दोन्ही बाजूंना कुळागर, म्हणजे बागायत. पोफळी, माड, केळी, पोफळीवर चढलेल्या मिरवेली, एखादं जायफळ. व्हाळाला वरच्या अंगाला दगडमातीचा बांध घालून पाट काढायचा आणि पाण्याने आपल्या पायांनी खाली यायचं, पंप नाही काही नाही. कुळागराच्या खाली, पण शेतापेक्षा चार हात उंच, घरं. नेमकी त्या पट्ट्यात जिथे डोंगराचं पाणी घरात येत नाही आणि नदीचंही येत नाही. घरांच्या खाली वाट, वाटेच्या खाली शेत, पावसाळ्यात सरद (पावसाळी भात) आणि जिथे पाणी पुरेल तिथे वायंगण (पावसानंतरचं दुसरं भात). शेताच्या खाली काठाचा तो पट्टा जिथे घर कधीच नव्हतं. आणि मग नदी.

देवराय वेगळी सांगायला पाहिजे. बहुतेक ठिकाणी ती झरीच्या डोक्यावर असते, म्हणजे पाणी जिथून उगवतं तिथे. नानोड्याला बांबरला निरंकाराची राय आहे, तिथे रानजायफळीची दलदल आहे, झाडांची मुळं गुडघ्यासारखी चिखलातून वर आलेली, पश्चिम घाटात असली जागा आता मोजकीच उरलीय. ती कुठल्या खात्याने राखली? देवाचं म्हणून लोकांनी हात लावला नाही म्हणून राहिली. माझं म्हणणं आहे की देवाची भीती होतीच, पण त्या पाण्यावर खालचं कुळागर आणि शेत अवलंबून आहे हे पण त्या माणसांना पक्कं माहीत होतं. सातेरी ही ग्रामदेवी आमच्याकडे वारुळाच्या रूपात पुजतात, म्हणजे मातीच देव. आणि तिचं देऊळ गावात कुठे आहे बघा, पाणी चढत नाही अशाच जागी.

पुरणाबद्दल थोडं जास्त लिहितो कारण आता ते करणारी माणसं कमी होत चाललीत आणि नवीन पोरांना शब्दही माहीत नाही (माझ्या मुलीने विचारलं पुरणपोळीचं पुरण का म्हणून). पाऊस संपला, नदी खाली उतरली की काठाला गाळ टाकून गेलेली असते, त्या गाळाच्या पट्ट्यात उन्हाळ्याचं भात घ्यायचं आणि पुढच्या पावसाआधी कापून मोकळं व्हायचं. आमच्या गावात त्यासाठी बांध सगळे मिळून घालायचे, एका घराचं ते काम नव्हे, ज्या घरात पुरुष माणूस नसेल त्या घराचाही वाटा असायचा. खत घालावं लागत नव्हतं, नदीनेच घातलेलं. पण त्याचा एक नियम होता, की ही जमीन आपली आहे आठ महिने आणि नदीची आहे चार महिने. त्या जमिनीवर कोणी खोपीपलीकडे काही उभारलं नाही. आजी सांगायची, "उदक येता थंय घर बांदू नाका." तिला कोणी फ्लड लाईन शिकवली नव्हती, तिने ब्याऐंशीचा (१९८२) पूर बघितला होता आणि तिच्या सासूने त्याच्या आधीचे. देवळाच्या कितव्या पायरीपर्यंत पाणी आलं हे घराघरात माहीत होतं.

२०२१ ला तेच झालं. ब्याऐंशीनंतरचा सगळ्यात मोठा पूर असं सरकारनेही तेव्हा सांगितलं. सत्तरीत मातीची घरं पडली, कोणाची गुरं गेली, कोणाचा वर्षाचा भात पाण्यात कुजला. त्या वेळी मी गावात होतो. रात्रभर आम्ही माणसं वरच्या वाड्यावर नेत होतो आणि सकाळी पाणी ओसरल्यावर एक गोष्ट डोळ्यांनी बघितली ती कधी विसरणार नाही. आमच्या गावात जुनी घरं, म्हणजे आज्या पणज्याच्या काळातली, त्यांतल्या बहुतेकांच्या अंगणापर्यंत पाणी येऊन थांबलं होतं. आत गेलं ते गेल्या वीस पंचवीस वर्षांत खालच्या अंगाला आलेल्या घरांत. त्या घरांतल्या माणसांना मी दोष देत नाही, मुळीच नाही, भावाभावांत वाटणी झाली, वर जागा नाही, रस्ता खालून गेला, सरकारी योजनेतून घर मिळालं तर ते रस्त्याला लागून पाहिजे, मग माणूस कुठे जाणार. पण हे सगळं कोणीतरी बघून ठरवायला पाहिजे होतं आणि कोणी बघितलं नाही.

आणखी एक गोष्ट शहरातल्या वाचकांना माहीत नसेल म्हणून लिहितो, समुद्राची भरती मांडवीतून वर चढत चढत गांजेपर्यंत येते. पणजीत जी नदी जहाजांची आहे तीच वर आमच्याकडे गोड्या पाण्याची म्हादई, आणि दोघींची भेट गांज्याच्या आसपास होते. खाली दिवाडी, चोडणच्या बाजूला खाजन (खाऱ्या पाण्यापासून बांधाने राखलेली सखल शेतं) आहे, तिथल्या लोकांनी बांध आणि मानस (पाण्याची दारं) बांधून खाऱ्या पाण्याशी जमवून घेतलं, इथे वर आम्ही पुराशी जमवून घेतलं. वरून घाटाचा पाऊस आणि खालून मोठी भरती एकाच वेळी आली की पाण्याला जायला वाट राहत नाही, मग ते पसरतं. पसरायला जो पट्टा लागतो तोच हा पुरणाचा आणि मळ्याचा पट्टा. त्यावर भराव घालून प्लॉट केले की ते पाणी दुसरीकडे जाणार, म्हणजे शेजारच्या वाड्यावर किंवा खालच्या गावात. हे समजायला इंजिनिअर लागत नाही हो.

वरच्या अंगाला काय चाललंय ते पण तेवढंच वाईट. दोन वर्षांमागे आमच्याकडे डोंगराच्या उतारावर जेसीबी लावून रस्ता कापला, 'फार्म हाऊस'साठी. पहिल्याच पावसात सगळी लाल माती व्हाळात उतरली आणि माझ्या चुलत्यांच्या कुळागराचा पाट गाळाने भरला. दोन वेळा उपसला, तिसऱ्या वेळी ते म्हणाले राहू दे. पासष्ट वर्षांचा माणूस किती उपसणार. तक्रार केली, एक साहेब येऊन बघून गेले, फोटो काढले, पुढे काही झालं नाही. आता उन्हाळ्यात त्या बाजूच्या पोफळी माथ्यातून पिवळ्या पडतात. पिसुर्ल्याच्या शेतकऱ्यांना खाणीच्या मातीने शेतं भरली म्हणजे काय होतं ते किती वर्षं माहीत आहे, त्यांनी किती फेऱ्या मारल्या असतील. आमच्याकडे खाण नाही म्हणून आम्ही स्वतःला नशीबवान समजत होतो.

आता मूळ मुद्दा. कागदावर आमच्या गावाचं काय होतं बघा. रिजनल प्लॅनच्या नकाशात घरं जिथे आहेत तेवढाच तुकडा 'सेटलमेंट'. बाकी कुळागर 'ऑर्चर्ड', शेत 'कल्टिवेबल', डोंगर काहीतरी तिसरंच. म्हणजे एका अंगाचे हात पाय वेगळे करून वेगवेगळ्या रकान्यांत लिहिले. मग कोणीतरी येतो, त्यातला एक तुकडा उचलतो आणि म्हणतो हा बदलून द्या. टाऊन अँड कंट्री प्लॅनिंग कायद्यात २०२३ ला १७(२) कलम आलं, २०२४ ला ३९ अ आलं, दोन्हीमुळे एकेका सर्व्हे नंबरपुरता झोन बदलायची वाट झाली, त्यावर कोर्टकचेऱ्या झाल्या, त्यातलं कायद्याचं मी बोलणार नाही, वकील बोलतील. मला एवढंच दिसतं की एक सर्व्हे नंबर बदलताना त्याच्या वरच्या व्हाळाला आणि खालच्या शेताला कोणी विचारत नाही. खरं म्हणजे आमच्यासाठी डोंगराच्या झरीपासून नदीच्या गाळापर्यंत सगळाच गाव म्हणजे सेटलमेंट. घर हा त्यातला सगळ्यात लहान भाग, रात्री झोपायचा.

आणि सत्तरीचं दुखणं वेगळं आहे, ते पणजीत बसून कळत नाही. इथे मोकासो, आल्वारा (जुन्या काळी दिलेल्या जमिनींचे प्रकार), सरकारी जमीन असल्या भानगडींमुळे पिढ्यान् पिढ्या कसणाऱ्या माणसाचं नाव एक चौदाच्या उताऱ्यावर, म्हणजे जमिनीच्या सरकारी नोंदीत, नसतं. वनहक्क कायदा २००६ चा, त्याखालचे दावे किती जणांचे अजून पडून आहेत. म्हणजे ज्याला पाट कुठून जातो हे माहीत आहे त्याच्याकडे कागद नाही आणि ज्याच्याकडे कागद आहे तो कित्येकदा गावात राहतही नाही. विकणारा एक, घेणारा दुसरा, आणि पाणी बंद होणार ते तिसऱ्याचं. शेळ मेळावलीच्या बायकामाणसांनी २०२१ च्या जानेवारीत आयआयटीची जागा नको म्हणून रस्ता धरला आणि सरकारला ती जागा सोडावी लागली, तेव्हा काही लोक म्हणाले ह्यांना शिक्षण नको, प्रगती नको. ती बायकामाणसं ज्या डोंगरासाठी रस्त्यावर बसली होती त्याच्यावर त्यांच्या काजूची बागायत होती, त्यांचं वर्षाचं पोट होतं. नकाशावर ती जमीन रिकामी दिसत होती एवढंच.

आम्ही इथे कालपरवा आलेलो नाही. म्हाऊसला झर्मे नदीच्या पात्रात कातळावर कोरलेले बैल आहेत, हरणं आहेत, पाऊलखुणा आहेत, ऐतिहासिक काळाच्या आधीच्या माणसाने कोरलेल्या. म्हणजे या खोऱ्यात माणूस हजारो वर्षांपासून पाण्याच्या कडेने राहतोय. सोळाव्या शतकात तिसवाडीतल्या करमळीहून लोक ब्रह्मदेवाची मूर्ती वाचवून इकडे घेऊन आले, ती जागा ब्रह्मकरमळी. या खोऱ्याने देवही सांभाळले आणि माणसंही. १९९९ ला म्हादई अभयारण्य झालं, २०० चौरस किलोमीटरच्या वर, तेव्हाही गावं आत होतीच. वाघ राहिला कारण जंगल राहिलं आणि जंगल राहिलं त्यात गावांचा वाटा आहे, हे मी मनापासून म्हणतो. पण हेही मान्य करतो की २०२० च्या जानेवारीत गोळावलीला वाघीण आणि तिचे तीन बछडे विष घालून मारले गेले, त्या दिवशी सत्तरीचा माणूस म्हणून मला मान वर करून बोलायला लाज वाटत होती. दोन्ही खरं आहे. पश्चिम घाटातल्या इको सेन्सिटिव्ह (पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील) भागाच्या २०२४ च्या मसुद्यात गोव्यातली १०८ गावं आहेत, त्यात सत्तरीची बरीच, आणि आमच्याकडे लोक त्याला घाबरतात, म्हणतात घराला कौल घालायला पण परवानगी लागणार. ती भीती घालवायची तर लोकांबरोबर बसून बोलायला पाहिजे. नुसतं वरून यादी आली की जो माणूस उद्या देवराय राखणार होता तोच विरोधात उभा राहतो.

म्हादईच्या पाण्यासाठी आपण सगळे कर्नाटकाशी भांडतोय आणि भांडलंच पाहिजे, त्यात दुमत नाही. १४ ऑगस्ट २०१८ ला लवादाने गोव्याला २४ टीएमसी (अब्ज घनफूट), कर्नाटकाला १३.४२ आणि महाराष्ट्राला १.३३ असं वाटून दिलं आणि तिन्ही राज्यं सुप्रीम कोर्टात गेली. कळसा भांडुऱ्याच्या, म्हणजे कर्नाटकाच्या पाणी वळवायच्या प्रकल्पाच्या, बातम्या आल्या की माझा जीव वरखाली होतो, दाबोसच्या प्रकल्पाचं पाणी पिणाऱ्या सगळ्यांचा व्हायला पाहिजे. पण त्या २४ टीएमसीमध्ये आमच्या वाड्यावरचा व्हाळ पण येतो ना? नदी काय एकदम मोठी होत नाही, असल्याच शेकडो व्हाळांनी होते. वरचा राज्य पाणी वळवतो म्हणून कोर्टात जायचं आणि आपल्याच डोंगरात व्हाळ बुजवायला द्यायचे, हे मला पटत नाही.

कुर्डीची गोष्ट सगळ्या गोव्याला माहीत आहे. साळावली धरण झालं, गाव पाण्याखाली गेला, मोगुबाई कुर्डीकरांचा गाव, माणसं वाडे आणि वालकिणीला गेली. महादेवाचं जुनं देऊळ दगड दगड सोडवून दुसरीकडे उभं केलं. धरणाचं पाणी दक्षिण गोवा पितो, त्यामुळे धरण नको होतं असं मी म्हणत नाही. पण मे महिन्यात पाणी उतरतं तेव्हा ती माणसं अजून सोमेश्वराच्या देवळाकडे जमतात, घराची जोती शोधतात, मुलांना दाखवतात हे आपलं अंगण, ही आपली बाव (विहीर). मी एकदा गेलो होतो. एक म्हातारी बाई मला तिच्या शेताची मेर (बांध) दाखवत होती, तिथे चिखल आणि झाडांचे बुंधे सोडून काही नव्हतं, पण तिला प्रत्येक मेर आठवत होती, कुठे पाणी तुंबायचं, कुठे विहिरीला वाट, सगळं. तो नकाशा तिच्या डोक्यात आहे, कागदावर कोणीच काढून घेतला नाही. आमच्या गावाला धरण नाही, आमचा गाव प्लॉट प्लॉटने जाईल. तसं जाताना मे महिन्यात परत वर येणारं सुद्धा काही उरत नाही.

म्हणून माझी मागणी साधी आहे आणि खर्चाची पण नाही. नदीकाठच्या प्रत्येक पंचायतीने एकदा गावातली वयाने सत्तरच्या वरची माणसं बोलवावीत, सर्व्हेचा नकाशा मोठा करून भिंतीला लावावा आणि त्यांच्याकडून त्यावर भरून घ्यावं. ब्याऐंशीला आणि २०२१ ला पाणी कुठपर्यंत आलं ती रेघ. झरी कुठे, पाट कुठून, देवराय कुठपर्यंत, मांड (गावाच्या सणाउत्सवाची जागा) कुठे, गुरांची वाट कुठली, पुरण कुठे व्हायचं, पूर्वीचा उतार कुठे होता जिथून चालत नदी ओलांडायचे. जैवविविधता कायदा २००२ पासून आहे, त्याखाली पंचायतींत समित्या आहेत, लोकजैवविविधता नोंदवही करायची असते, कित्येक ठिकाणी ती कपाटात आहे, त्यात हे सगळं जोडता येईल. आणि झोन बदलायचा, सनद (जमीन बिगरशेती करायची परवानगी) द्यायची किंवा डोंगराचा उतार कापायचा अर्ज आला की आधी तो अर्ज या नकाशावर ठेवून बघायचा आणि ग्रामसभेत वाचायचा. पुराच्या रेघेच्या खाली बांधकाम नको, झरीच्या वर डोंगर कापायला नको. ज्या गरीब माणसांची घरं आधीच रेघेच्या खाली आहेत त्यांना वर जागा द्यायची, त्यांना हाकलायचं नाही, ही माझी अट आहे, कारण नाहीतर नियम त्यांच्यावरच पहिला चालतो आणि प्लॉटवाला सुटतो.

जमीन विकणाऱ्या गावच्या माणसांना पण एक सांगतो. मला माहीत आहे की मुलाची फी आहे, आजारपण आहे, कुळागराला आता मजूर मिळत नाही, माकडं आणि रानडुकरं काही ठेवत नाहीत. मी स्वतः नोकरी करतो, शेतीवर माझं पोट नाही, त्यामुळे विकू नका म्हणायचा मला हक्क किती हे मला कळतं. पण निदान विकताना घेणाऱ्याला सांगा की इथे पाणी येतं आणि हा पाट शेजाऱ्याचा आहे. आणि सरकारने पुरण, वायंगण, कुळागर करणाऱ्याला हाताला काही लागेल असं करावं, नुसता रानभाजी महोत्सवात सत्कार नको.

माझ्या बाजूने मी सुरुवात केलीय. चुलत्यांबरोबर दोन रविवार फिरून आमच्या वाड्याचा नकाशा वहीत काढला, सात झरी निघाल्या, त्यातल्या तीनच आता मे महिन्यापर्यंत टिकतात. पाच जुन्या पाटांपैकी दोन अजून वाहते आहेत. पुराची रेघ देवळाच्या पायरीवरून, तिथल्या जुन्या आंब्यावरून आणि आमच्या गोठ्याच्या भिंतीवरून मिळाली, तिन्ही जवळजवळ एकाच पातळीवर. येत्या ग्रामसभेला मी ती वही आणि तो 'रिव्हर टच'चा कागद दोन्ही घेऊन जाणार आहे. खोऱ्यातल्या बाकीच्या गावांतले वाचक असतील त्यांनी आपल्या घरातल्या म्हाताऱ्या माणसांबरोबर या उन्हाळ्यात एक फेरी मारावी, पाऊस सुरू व्हायच्या आत, कारण पावसात झरी मोजता येत नाहीत, सगळीकडेच पाणी असतं.

आपला,
एक वाचक, सत्तरी